मागच्या सीटवर

शांतवन मास्तरांच्या एम-एटीवर
पहिली चार वर्षं मी त्यांची पाठच पाहिली.
खाकी शर्ट, खांद्यापाशी रफू,
उन्हाळ्यात मिठाचा पांढरा नकाशा.
परतूर, आष्टी, वाटूर फाटा.
माझ्या मांडीवर गायनाची वही आणि किलोभर मोसंबी.
कुणाकडं रिकाम्या हातानं जायचं नसतं,
हे त्यांनी कधी सांगितलं नाही.
पिशवी मांडीवर होती, म्हणून कळलं.

मोशेलाही म्हणे देवाची पाठच दिसली.
रेल्वे गेट पडलं होतं तेव्हा मी हे त्यांना म्हणालो,
जरा ऐटीतच.
"खाज सुटलीय तिला," मास्तर म्हणाले,
"तेवढी खाजव."

मला पुढारी व्हायचं होतं.
वय सतरा, आवाज खणखणीत,
वचनं तोंडपाठ, बक्षिसांचे तीन पेले.
ते मला सतरंज्या झटकायला लावायचे.
कप विसळायला.
म्हाताऱ्या एलीशाच्या पायाची पट्टी बदलायला,
नाकाला रुमाल न लावता.
पहिल्यांदा प्रार्थना कर म्हणाले, तेव्हा मी
देवाला इतकं काही समजावून सांगितलं
की चहावर साय धरली.
"आमेन," ते मधेच म्हणाले. हळू.

मग वलखेडच्या राहेलबाईचं अंगण.
तिचा धनी गेला तेव्हा मास्तर जालन्यात होते,
कुणा मोठ्या पाहुण्याच्या हारासाठी थांबलेले.
मातीला पोचले नाहीत.
सव्वा महिन्यानं आम्ही गेलो.
बाजेवर बसा, ती म्हणाली नाही.
ते भुईवर बसले, आणि माझ्यादेखत,
"बाई, माझं चुकलं."
पुढं काहीच जोडलं नाही.
तिनं माफ केलं नाही.
पाणी दिलं पण, पितळी तांब्यातून.
त्यांनी तांब्या रिता केला.
येताना दुधनेच्या पुलावर गाडी थांबवून म्हणाले,
"हे बी शिकून घे, लेकरा.
बाकीचं पुस्तकात हाय."

पुढं औरंगाबादला नऊ महिन्यांचं प्रशिक्षण झालं.
जाड फाईल, आत बाणांच्या आकृत्या,
एकाचे दोन, दोनाचे चार, चाराचे आठ,
माणसं नव्हे, जणू ज्वारीचे दाणे.
मास्तरांनी चष्मा पुसून सगळी पानं उलटली.
"छान हाय," म्हणाले.
"रूथबाईचा नळ गळतोय. पाना घेऊन जा."

त्याच आठवड्यात त्यांनी माझ्या हातात किल्ली दिली.
चर्चची नव्हे, गाडीची.
आणि स्वतः मागं बसले.
प्रत्येक वळणाला मला कळायचं,
त्यांचा उजवा पाय मागच्या पट्टीवर
तिथं नसलेला ब्रेक दाबतोय.
तोंडातून अवाक्षर नाही.
फाट्याजवळ मी गाडी खड्ड्यात घातली.
उठून त्यांनी आधी मोसंबी गोळा केली,
कोपर झटकलं,
आणि पुन्हा मागंच बसले.

ते गेले, त्याला सहा वर्षं.
काळ्या जमिनीत त्यांचा ओटा दर उन्हाळ्यात तडकतो.
मी सिमेंट भरतो. तो तडकतो.

आता प्रिस्का आहे. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला.
पोरीनं पुढं उभं राहायचं का,
यावर पंचांपैकी दोघं अजून कुजबुजतात.
तिच्या प्रार्थना तोकड्या असतात. मला हेवा वाटतो.
रडणाऱ्याशेजारी गप्प बसणं
तिला कुणी शिकवलं, ठाऊक नाही.
मी तर नाही.

आज वलखेडला तीच बोलणार आहे.
राहेलबाईला आता दिसत नाही, तरी ती येऊन बसते,
पहिल्या रांगेत.
स्कूटी प्रिस्काची, मोसंबी माझ्या मांडीवर,
आणि ही पोर फार जोरात चालवते.
पुलाच्या उताराला माझा उजवा पाय
आपसूक खाली दाबला जातो.
स्कूटीला पायाचा ब्रेक नसतोच.

"भाऊ, पाय कामून हलवताय?"
मी म्हणतो, रस्त्याकडं बघ.